शुक्रवारचे पत्र

शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या नावाने आयुष्यात दोनच तऱ्हेचे कागद निघतात. एक सूचनावहीतला आणि दुसरा निरोपसमारंभातल्या मानपत्राचा. पहिल्यात काय करायचे राहिले ते लिहिलेले असते, दुसऱ्यात काय काय केले ते. पहिला आठवड्यातून दोन-तीनदा समोर येतो, दुसरा तीस-पस्तीस वर्षांतून एकदा; आणि तोही चौकटीत बसवून, शाल आणि नारळासकट. म्हणजे त्याचा काही उपयोग करण्याची वेळ टळून गेल्यावर!

माझी आई पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षे मराठी शिकवीत होती. शिपाईमामा वही घेऊन वर्गाच्या दारात उभे राहत, आई बोटांचा खडू झटकून सही करी आणि पुन्हा ‘हं, तर मुलींनो’ म्हणून सुरुवात करी. ‘निकालपत्रके उद्यापर्यंत द्यावीत’, ‘घंटा झाल्याशिवाय वर्ग सोडू नये’, ‘मस्टरवर वेळ न चुकता लिहावी’ – तेहतीस वर्षांत तिने अशा किती सूचनांवर सह्या केल्या असतील, देव जाणे. ‘तुमच्या वर्गातला कालचा वाचनाचा तास फार चांगला झाला’ अशी सूचना मात्र तिने कधी पाहिली नाही. आणि खरे सांगायचे तर तिची तशी अपेक्षाही नव्हती. कामाची पावती कामातच मिळते, असे मानणारी ती पिढी.

मी गेली अठरा वर्षे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका तांत्रिक माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तिथे दर शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचे एक पत्र साऱ्या नोकरवर्गाला येते. शिक्षकांना येते, कचेरीतल्या बायकांना येते, बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला येते आणि जेवणघरात वाढणाऱ्या बाईंनाही येते. आता, अमेरिकेहून लिहिणाऱ्या मराठी बाईने बर्फाविषयी लिहावे, नाहीतर परदेशातल्या पहिल्या चकल्या कशा विरघळल्या त्याविषयी लिहावे, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी या पत्राविषयी लिहायला बसले आहे. कारण एखादा माणूस नोकरी सोडतो की टिकतो, अठरा मुलांचे वर्ष फुकट जाते की वाचते, अशा गोष्टी त्या चार परिच्छेदांत गुंतलेल्या मी पाहिल्या आहेत.

एक आठवडा वह्यांचा, एक आठवडा हत्यारांचा

आधी शाळा कशी आहे ते सांगते. नववी ते बारावीची, म्हणजे चौदा ते अठरा वर्षांची मुले-मुली. मॅसॅच्युसेट्समधल्या अशा शाळांची एक खास पद्धत आहे. मुले एक आठवडा वर्गात बसून इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास शिकतात आणि पुढचा अख्खा आठवडा शॉपमध्ये काम करतात. ‘शॉप’ म्हणजे दुकान नव्हे, कार्यशाळा. सुतारकाम, नळकाम, वीजकाम, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, स्वयंपाक, केशभूषा, रुग्णसेवा – प्रत्येकाचे शॉप वेगळे. अर्धी शाळा वह्यांत असते तेव्हा अर्धी हत्यारांत. आठवड्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे. नववीत आलेले पोर पहिले काही महिने एकेका शॉपमध्ये थोडे थोडे दिवस काढून पाहते आणि मग आपला धंदा निवडते. आपल्याकडे मुलगा कुठल्या शाखेला जाणार हे बहुधा त्याचे गुण आणि त्याचा मामा मिळून ठरवतात. इथे निदान हातोडी एकदा हातात घेऊन पाहायला मिळते!

शिकणे लुटुपुटूचे नसते. आमच्या शाळेतले उपाहारगृह मुलेच चालवतात आणि गावातली म्हातारी मंडळी तिथे दुपारी जेवायला येतात. केशभूषेच्या शॉपमध्ये शेजारपाजारच्या बायका केस कापून घ्यायला येतात. त्या धंद्याच्या परवान्यासाठी राज्याने एक हजार तासांचे शिक्षण ठरवून दिले आहे आणि मुली शाळेतच ते तास भरतात. अकरावी-बारावीतली चांगली मुले शॉपच्या आठवड्यात बाहेर, खऱ्या मालकाकडे, पगारावर कामाला जातात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा माझ्यासमोर बाकावर येऊन बसतात. स्वतः कमावलेल्या पैशाने घेतलेले बूट पायांत असलेल्या मुलाला बीजगणित शिकवणे, हा वेगळाच अनुभव आहे.

या शाळेने मला माझा विषय नव्याने शिकवला, असे म्हटले तरी चालेल. पुण्यात मी त्रिकोणमिती पाठ केली होती. इथे वीजकामाची मुले भिंतीवरचा अडथळा चुकवायला तारांची नळी दोन ठिकाणी वाकवतात. तीस अंशांची वाकवण असेल तर अडथळा जितका उंच त्याच्या दुप्पट अंतर दोन वाकवणींत ठेवायचे, हे त्यांना तोंडपाठ असते. ‘दुप्पटच का?’ असे विचारले की फळ्यावर काटकोन त्रिकोण येतो. आणि तीस अंशांच्या ज्येची किंमत अर्धी आहे हे कळल्यावर पोरांचे चेहरे उजळतात. सुतारकामाची मुले तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून घराच्या पायाचा काटकोन तपासतात. आपल्याकडचे गवंडीही दोरी धरून हेच करतात. पायथागोरसाचे नाव दोघांनाही घ्यावे लागत नाही.

गिरण्यांच्या गावातली शाळा

आमचे गाव मेरिमॅक नदीच्या काठी आहे. या नदीच्या पाण्यावर १८२० नंतर कापडगिरण्या उभ्या राहिल्या. लोवेल, लॉरेन्स ही त्यांतली नावाजलेली गावे. विसाव्या शतकात त्या एकामागून एक बंद पडत गेल्या. लाल विटांच्या त्या लांबच लांब इमारती प्रथम पाहिल्या तेव्हा मला परळ-लालबाग आठवले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे जे झाले, ते या गावांनी आधी कितीतरी वर्षे भोगले होते. गिरण्या गेल्या, पण हातांना काम हवेच होते.

हातांच्या शिक्षणाची तजवीज या राज्याने लवकर केली. १९०५ साली विल्यम डग्लस नावाचे गव्हर्नर होते. हे गृहस्थ स्वतः जोड्यांचे कारखानदार. त्यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या आयोगाने १९०६ मध्ये अहवाल दिला आणि राज्यात धंदेशिक्षणाच्या सरकारी शाळांची सुरुवात झाली. पुढे १९१७ मध्ये स्मिथ-ह्यूज कायदा होऊन साऱ्या देशात अशा शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. नाव मात्र बरीच वर्षे ‘व्होकेशनल’. या शब्दाला हळूहळू एक वास येऊ लागला. ज्याला पुस्तक जमत नाही त्याने तिकडे जावे, असा! २००६ च्या कायद्यात ते नाव बदलून ‘करिअर अँड टेक्निकल’ शिक्षण असे झाले. नाव बदलल्याने माणसे बदलतात असे नाही. पण महाविद्यालयाच्या फीचे आकडे आणि प्लंबरच्या बिलाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर पुष्कळ आईबापांचे मत बदलले. आज आमच्यासारख्या कित्येक शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त येतात.

पत्रात असते तरी काय?

पहिल्या परिच्छेदात निव्वळ खबरबात. पुढचा आठवडा ‘अ’ की ‘ब’, आग लागल्यास बाहेर पडण्याची कवाईत कोणत्या दिवशी, बर्फामुळे बुडालेला दिवस केव्हा भरून काढायचा, उत्तरेकडच्या वाहनतळाचे काम किती दिवस चालणार. दुसऱ्यात माणसांची बातमी. नळकाम शिकवणाऱ्या सरांना मुलगी झाली. जेवणघरातल्या बाईंची आई वारली, शनिवारी दहा वाजता अंत्यविधी आहे. ग्रंथपालबाई शस्त्रक्रियेनंतर सोमवारी कामावर येत आहेत, त्यांना जड पुस्तके उचलू देऊ नका.

तिसरा परिच्छेद महत्त्वाचा. त्याला बाईंनी नाव दिले आहे, ‘या आठवड्यात मी पाहिले’. दररोज एक तास त्या कचेरी सोडून शाळेत हिंडतात. जे पाहतात त्यातल्या तीन-चार गोष्टी शुक्रवारी लिहितात. त्यांत ‘उत्कृष्ट’, ‘अप्रतिम’, ‘अभिमानास्पद’ असले शब्द नसतात. फक्त काय घडले ते. मंगळवारी सुतारकामात एका मुलाने आखूड कापले गेलेले फळकूट लपवून न ठेवता सरांना नेऊन दाखवले. सरांनी ते भंगारात न टाकता सगळ्यांना जवळ बोलावून माप कुठे चुकले ते समजावले आणि कोणाचे फळकूट ते सांगितले नाही. बुधवारी सफाईकामगाराने जिन्याखाली रडत बसलेल्या नववीतल्या मुलाला हाती झाडू देऊन दहा मिनिटे आपल्याबरोबर फिरवले आणि मग वर्गात सोडले. अशा गोष्टी.

मी पुण्याची. कौतुकाच्या बाबतीत आमचा हात आखडता. ‘बरा झालाय’ म्हणजे पदार्थ उत्तम आणि ‘वाईट नाही’ म्हणजे अतिउत्तम, हे कोष्टक घेऊन मी अमेरिकेत आले. इथे तर कॉफीचा पेला हातात दिला तरी ‘वंडरफुल’! तेव्हा साप्ताहिक कौतुकाची ही सोय मला शोभेची वाटली असती तर नवल नव्हते. पण मी गणिताची बाई. विशेषणांवर माझा विश्वास नसला तरी नोंदींवर आहे. आणि या पत्रात नोंदी होत्या.

डाव्या हाताची मुलगी

आमच्या शाळेत धंदा शिकवणारे जे शिक्षक आहेत, त्यांची गोष्ट तुमच्या-माझ्यासारखी नसते. ते आधी कारागीर असतात. वर्षानुवर्षे कारखान्यात किंवा बांधकामावर काम केल्यावर लेखी आणि प्रत्यक्ष कामाची अशा दोन्ही परीक्षा देऊन ते शाळेत येतात. आणि मग दिवसा शिकवून संध्याकाळी स्वतः शिक्षणशास्त्राचे वर्ग करतात. पंचेचाळिशीच्या माणसाने दिवसभर पोरांना सांभाळून रात्री गृहपाठ करायचा! बरे, पगार पुष्कळदा कारखान्यापेक्षा कमी. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत यांतले कितीतरी जण टूलबॉक्स उचलून परत जातात. शिक्षक गेला की शॉपला कुलूप. वेल्डिंग शिकवायला मी किंवा इतिहासाच्या बाई जाऊन उभ्या राहू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वेल्डिंगला एक नवे गृहस्थ आले. बावीस वर्षे कारखान्यात काढलेले, मोजके बोलणारे. फेब्रुवारीत एकदा छपाईयंत्रापाशी भेटले. त्यांच्या हातात गृहपाठाचे पुस्तक होते. ते मला म्हणाले, “बाई, मला धातू कळतो. मुले कळत नाहीत. जुन्या मालकाचा फोन आला होता.” पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. त्यांच्या शॉपमध्ये अठरा मुले होती आणि त्यांतली निम्मी माझ्या वर्गात होती. वर्षाच्या मध्यावर शॉप बंद पडले तर त्यांचे काय होणार, हे मला दिसत होते.

त्याच्या पुढच्या की त्याहून पुढच्या शुक्रवारच्या पत्रात चार ओळी होत्या. वेल्डिंगच्या शॉपमध्ये एक डावखुरी मुलगी आहे. टेबल, तारा, टांगण्याचे हुक, सगळी मांडणी उजव्या हाताची. त्यामुळे तिचा सांधा नेहमी वाकडा येई. सरांनी शाळा सुटल्यावर एक अख्खा कप्पा उलटा मांडून घेतला. आणि तिला दाखवता यावे म्हणून दोन संध्याकाळी थांबून स्वतः डाव्या हाताने वेल्डिंगचा सराव केला. या गुरुवारी तिचा सांधा वाकवून पाहण्याच्या चाचणीत तुटला नाही.

बस्स, एवढेच. ‘धन्यवाद’ शब्दही नव्हता. सरांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. बाईंनी त्या मुलीशी बोलताना काढून घेतले होते.

सोमवारी मी त्यांच्या शॉपमध्ये गेले तर त्यांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून ते पत्र चिकटवलेले. मी पाहिले हे त्यांनीही पाहिले. जरा ओशाळून म्हणाले, “बावीस वर्षांत माझा जो सांधा तुटला, तो दर वेळी कोणीतरी लिहून ठेवला. जे हजारो टिकले, त्यांची नोंद कुठेच नाही.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. वेल्डिंगबद्दल ते जितके खरे आहे तितकेच शिक्षकांबद्दल, आयांबद्दल, बसचालकांबद्दल आणि घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईबद्दल खरे आहे. भाजीत मीठ जास्त झाले तर तेवढे लक्षात राहते; बाकीच्या तीनशे चौसष्ट भाज्या कोणाच्या हिशेबात आहेत?

ते गृहस्थ टिकले, आजही आहेत. पण चार ओळींनी टिकले, असे मी म्हणणार नाही; ते सिनेमात होते. त्याच महिन्यात बाईंनी त्यांच्या संध्याकाळच्या वर्गांची फी शाळेकडून मिळवून दिली आणि शॉपमध्ये एक मदतनीस नेमला. त्या चार ओळींनी एवढेच केले, की जुन्या मालकाला उत्तर देण्यापूर्वी ते थांबले. वीजकाम शिकवणारे दुसरे एक सर मात्र पुढच्या वर्षी गेले. तीन मुले, घराचे हप्ते आणि बाहेर जास्त मिळकत. त्यांच्या निरोपाच्या पत्रात बाईंनी सरळ लिहिले, की ते पैशांसाठी जात आहेत आणि ते योग्यच करीत आहेत. मला तो प्रामाणिकपणा आवडला.

जेव्हा गोड बोलणे कडू लागते

आता नाण्याची दुसरी बाजू. एका वसंतात शाळेच्या अंदाजपत्रकाला कात्री लागणार अशी कुजबूज सुरू झाली. कोणाची जागा जाणार? कोणते शॉप बंद होणार? जो तो जेवणाच्या सुट्टीत हळू आवाजात बोलू लागला. आणि शुक्रवारी पत्र आले ते मात्र नेहमीपेक्षा गोड. आपण सारे एक कुटुंब आहोत, तुमच्यासारखी माणसे आहेत म्हणून शाळा आहे, वगैरे वगैरे. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी पहिल्यांदा ते पत्र चुरगळून टोपलीत पडलेले पाहिले.

सोमवारच्या सभेत मोटारदुरुस्तीचे एक ज्येष्ठ शिक्षक उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, “माझी तारीफ थोडी कमी केलीत तरी चालेल. माझी जागा आहे की नाही तेवढे सांगा.”

सभेत शांतता पसरली. बाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. पुढच्या शुक्रवारी जे पत्र आले, त्यात तीनच रकाने होते. काय ठरले आहे. काय ठरलेले नाही. आणि ते कोणत्या तारखेला कळेल. पहिल्या रकान्यात लिहिले होते, की दोन जागा जाणार. त्या कोणत्या, हे त्या दोघांना बोलावून, पत्र निघण्याआधी, बाईंनी स्वतः तोंडाने सांगितले होते. कौतुकाचा एक शब्द त्या पत्रात नव्हता. तरी मला वाटते, त्या साऱ्या वर्षात सर्वांत धीर देणारे पत्र तेच. कारण ते वाचून माणसे त्या रात्री झोपू शकली.

धीर देणे आणि गोड बोलणे यांत आपण नेहमी गल्लत करतो. डॉक्टर ‘काही नाही हो, बरे वाटेल’ म्हणतो तेव्हा बरे वाटते. पण ‘हे असे आहे, हे औषध, इतके दिवस लागतील’ म्हणतो तेव्हा धीर येतो. खरी बातमी हाच अर्धा धीर असतो. उरलेला अर्धा म्हणजे आपण केलेले काम कोणीतरी नीट पाहिले आहे, ही जाणीव. या दोन्हींवाचून नुसत्या स्तुतीचा पाक केला, तर तो दोन दिवसांत आंबतो. आणि पगाराच्या जागी स्तुती वाढली तर तो अन्याय होतो, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडची एक खबर

या साऱ्याला आपल्याकडे जोड नाही, असे मात्र समजू नका. १९२० साली किर्लोस्करवाडीहून एक छोटे पत्र निघू लागले. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याची हालहवाल सांगणारे. नावच मुळी ‘किर्लोस्कर खबर’. शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या या खबरीचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या मासिकांवर आपली मने घडवली, त्यांचे मूळ एका कारखान्याच्या बातमीपत्रात आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. लोखंडाचे काम करणाऱ्यांनाही शब्दांची गरज असते, हे त्या मंडळींना कळले होते.

आणि गंमत पाहा. त्या कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात तांत्रिक शिक्षकच. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई संस्थेत, ते यांत्रिक रेखाटन शिकवीत. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली म्हणून त्यांनी नोकरी सोडली, अशी त्यांच्या चरित्रातली हकीकत आहे. त्यातून पुढे देशाला एक उद्योग मिळाला हे आपले भाग्य. पण डावललेल्या प्रत्येक शिक्षकामागे एक किर्लोस्करवाडी उभी राहत नाही. बहुतेकांमागे नुसती रिकामी जागा राहते आणि तिच्यासमोर बसलेली मुले.

दादाचा मुलगा

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दादाचा फोन आला. आवाज असा, की मला वाटले घरात कोणी आजारी आहे. “अगं, चिरंजीव म्हणतात, आयटीआयला जायचंय. फिटर व्हायचंय त्यांना! बहात्तर टक्के मिळालेत. नापास झाला असता तर समजलो असतो.”

मी विचारले, “त्याला आवडतं का?”

“आवडण्याचा प्रश्न कुठे आला? लोक काय म्हणतील?” मागून वहिनींचा आवाज आला, “घरातला मिक्सर, इस्त्री, पंखा, सगळं तोच दुरुस्त करतो हो वन्सं. पण म्हणून काय…”

आपल्या देशात आयटीआयची योजना १९५० पासून आहे. कारखान्यांना कुशल हात पुरवणारी ती मोठी संस्था. पण मध्यमवर्गाच्या बोलण्यात मुलगा आयटीआयला ‘जात’ नाही, त्याला ‘टाकतात’! दसऱ्याला, खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, पान्याला झेंडूचे फूल वाहतो. आणि दुसऱ्या दिवशी तोच पान्हा आपल्या मुलाच्या हातात दिसला तर आपल्याला कापरे भरते.

मी दादाला उपदेश केला नाही. त्याला वेल्डिंगच्या सरांची आणि डावखुऱ्या मुलीची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो पंखा, गं. आईच्या खोलीतला. तीन मिस्त्रींनी हात टेकले होते, ह्याने लावला. मी त्याला काहीच म्हटलं नव्हतं.”

“मग आता म्हण,” मी म्हटले.

त्याने म्हटले की नाही, मला ठाऊक नाही. बापलेकांच्या अशा गोष्टी आत्यांना कळत नाहीत. पण मुलगा औंधच्या आयटीआयला गेला आणि रमला. दादा अजून पाहुण्यांना सांगतो, की ‘तो मेकॅनिकल करतो’. फिटर हा शब्द त्याच्या तोंडी यायला आणखी एखादे वर्ष लागेल. लागू दे. मुलगा मात्र मला दर पंधरवड्याला फोटो पाठवतो, आपण कानस मारून बनवलेल्या एकेका तुकड्याचा. मी त्याला ‘वा, वा’ लिहीत नाही. ‘कडा काटकोनात आहेत, पण उजवा कोपरा जरा गोल वाटतो, गुण्या लावून पाहिलास का?’ असे लिहिते. त्यावर त्याचे उत्तर लगेच येते आणि लांबलचक येते.

जाता जाता

हे सारे वाचून कोणी म्हणेल, “बाई, आमची शाळा नाही, कारखाना नाही, आम्ही कोणाला पत्र लिहायचे?” पत्रच लिहिले पाहिजे असे कुठे आहे? आमच्या बाईंची युक्ती तशी साधी आहे. रोज थोडे पाहायचे, जे पाहिले ते नेमके सांगायचे, खरी बातमी लपवायची नाही आणि देणे असेल ते वेळेवर द्यायचे.

दिवाळीच्या तोंडावर तुमच्या घरी रंगारी येऊन गेला असेल. नळवाला, वायरमन, गादीवाला येऊन गेले असतील. फराळाचे पहिले घाणे रात्री अकरा वाजेपर्यंत तळणारे कोणी घरातच असेल. रंगाऱ्याचे पैसे तर चुकते कराच. त्यात घासाघीस नको. पण छताजवळची रेघ सबंध भिंतभर एका सुतात आली असेल, तर तेही त्याला शिडीवरून उतरल्यावर दाखवून सांगा. ‘छान झाले’ म्हणू नका. ‘ही रेघ सरळ आली’ म्हणा. तो मान वळवून एकदा वर पाहील, आणि पुढच्या घरची रेघ ओढताना त्याचा हात जरा जास्तच स्थिर राहील.